शेअर फोल्डरवर काम सुरू झालं की सर्व्हर बसतो: कुठून तपासायला लागायचं

कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असो, मार्केट यार्डातली गुळाची अडत असो की राजारामपुरीतला फोटो स्टुडिओ, मांडणी बहुतेक ठिकाणी एकच असते. कोपऱ्यात एक साधा पीसी, त्यालाच सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. त्याची डी ड्राइव्ह शेअर केलेली. आठ पोर्टचा स्विच, चार-सहा मशीन आणि टेबलाखाली धूळ खात बसलेला यूपीएस. वर्ष-दोन वर्षं बिनबोभाट चालतं. मग एक दिवस कोणीतरी लग्नाचे फोटो कॉपी करायला लावतं, किंवा चौघं एकदम टॅली उघडतात, आणि सर्व्हर निळा पडतो. नाहीतर जागच्या जागी गोठतो.

यावर पहिला उपाय म्हणून जो तो ‘फॉरमॅट मारू या’ म्हणतो. मारू नका. अशा दुखण्यात विंडोजचा दोष कमी वेळा निघतो, आणि डिस्कच मरत असेल तर त्या मारझोडीत उरलासुरला डेटाही जातो.

हे दुखणं चकवतं, कारण इथे जाळ आणि धूर संगटच निघतो. शेअर फोल्डरमधून फाइल जाते तेव्हा एकाच वेळी डिस्क वाचली जाते, ते वाचलेलं रॅममध्ये येतं, नेटवर्क कार्ड ते उचलून केबलवर टाकतं, मधे अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतो आणि या सगळ्याला एकच एसएमपीएस वीज पुरवतो. यातला कुठलाही एक दुवा कच्चा असला तरी बाहेरून दिसतं एकच: ‘नेटवर्कवर काम केलं की बंद पडतंय.’ म्हणून एकेक दुवा सुटा करून बघणं हेच यातलं खरं काम. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, रॅम आणि ड्रायव्हर एकाच दिवशी बदलले आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही. महिन्याने पुन्हा बसलं की परत पहिल्यापासून सुरुवात.

आधी डेटा बाहेर काढा

तपासणीच्या नादात डिस्कवर ताण येतो, म्हणून कुठलीही चाचणी लावायच्या आधी कॉपी. बाहेरची यूएसबी ३ ची डिस्क निळ्या पोर्टला लावा. १ टीबी डेटा सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने गेला तरी तीन तास लागतात. काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टला लावलीत तर आठ-दहा तासांची निश्चिंती. लहान फाइली लाखांनी असतील तर यापेक्षाही जास्त.

माउसने ओढून कॉपी करू नका. एका खराब फाइलवर कॉपी अडली की ती खिडकी उत्तराची वाट बघत रात्रभर तशीच उभी राहते. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी वापरा. कमांड प्रॉम्प्टवर रोबोकॉपी, मग जिथून घ्यायचं तो फोल्डर, मग जिथे ठेवायचं तो फोल्डर, त्यापुढे स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. शेवटच्या दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. त्या दिल्या नाहीत तर रोबोकॉपी न वाचता आलेल्या प्रत्येक फाइलवर ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करते. हिशोब तुम्हीच करा. आणखी स्लॅश लॉग कोलन आणि फाइलचं नाव दिलंत तर कुठल्या फाइली राहिल्या त्याची यादी हातात मिळते.

डिस्कमधून टक-टक, टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा, प्लग काढा. आतलं हेड जागा सापडत नाही म्हणून आपटतंय, आणि प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतंय. डेटा अमोल असेल तर डिस्क थेट रिकव्हरीवाल्याकडे. पुराच्या पाण्यात गेलेल्या डिस्कलाही हाच नियम: ‘चालते का बघू’ म्हणून वीज जोडायची नाही.

कसं बसतं ते नीट बघा

‘बंद पडलं’ या एका शब्दात तीन वेगवेगळे आजार असतात.

पहिला, कोड दाखवून पडणारा. निळी स्क्रीन, विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर ती काळी झाली आहे, पण काम तेच. हा त्यातल्या त्यात सोपा, कारण मशीन मरताना चिठ्ठी लिहून ठेवतं.

दुसरा, गोठणारा. घड्याळाचा मिनिट पुढे सरकत नाही, पुढच्या बाजूचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला. माउस हलतो पण क्लिक लागत नाही, असं असेल तर डिस्क उत्तर देत नाही, हा पहिला संशय. माउसही मेला असेल तर रॅम, मदरबोर्ड किंवा ड्रायव्हर.

तिसरा, काहीही न दाखवता फट्‌कन रीस्टार्ट होणारा. इथे आधी सेटिंग तपासा. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. बऱ्याचदा निळी स्क्रीन येतच असते, पण कोणी वाचायच्या आत मशीन पुन्हा चालू होतं. त्याच खिडकीत ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडून ठेवा आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) सी ड्राइव्हवर आहे याची खात्री करा. ती तिथे नसेल तर डंप लिहिला जात नाही आणि चिठ्ठी कोरीच राहते. खूण काढूनही स्क्रीन न दाखवताच रीस्टार्ट होत असेल तर वीज आणि एसएमपीएसकडे वळा.

सर्व्हरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. किती वाजता बसला, कोणत्या मशीनवर काय चाललं होतं, स्क्रीनवर काय लिहिलं होतं, बाहेर वीज गेली-आली होती का. चार-पाच नोंदी झाल्या की अर्धं निदान त्या कागदावरच होतं. रोज दुपारी एक वाजता बसत असेल तर एक वाजता काय सुरू होतं ते शोधा. बहुधा अँटिव्हायरसचं ठरलेलं स्कॅन किंवा बॅकअप निघेल.

कोड काय सांगतो

स्क्रीनवरचा स्टॉप कोड मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ म्हणजे विंडोजला पेजफाइलमधला किंवा डिस्कवरचा आपलाच एक तुकडा परत वाचता आला नाही. संशय डिस्क, तिची केबल, क्वचित रॅम. इथे एक गंमत असते. विंडोज नव्या एसएसडीवर आहे, एसएसडी ठणठणीत आहे, तरी हा कोड येतो. मग लक्षात येतं की जागा वाचवायला कोणीतरी पेजफाइल जुन्या डी ड्राइव्हवर ठेवलेली आहे.

‘एनटीएफएस फाइल सिस्टिम’ हा कोड आला तर फाइल सिस्टिम बिघडली आहे किंवा खालची डिस्क चुकीचं वाचून देते आहे. ‘अनएक्स्पेक्टेड स्टोअर एक्सेप्शन’चा रोखही बहुतेक वेळा डिस्ककडेच. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हा मात्र ड्रायव्हरचा कोड आहे, आणि नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरसाठी तो जणू ओळखपत्रच. त्याखाली ‘व्हॉट फेल्ड’ म्हणून फाइलचं नाव येतं, तेच सगळ्यात मोलाचं. ‘आरटी’ने सुरू होणारं नाव बहुधा रिअलटेकच्या कार्डाचं असतं. ‘स्टोर’ने सुरू होणारं नाव डिस्कच्या कंट्रोलरकडे बोट दाखवतं. ‘एसआरव्ही२’ हा शेअर फोल्डर वाटणारा भाग, तर ‘एमआरएक्सएसएमबी’ हा दुसऱ्याचा शेअर उघडणारा भाग. या शेवटच्या दोघांवर लगेच आळ घेऊ नका. ते मायक्रोसॉफ्टचे असतात आणि बहुधा दुसऱ्याच्या चुकीचे बळी असतात. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ आला तर सॉफ्टवेअर विसरा. तो थेट हार्डवेअरचा ओरडा आहे.

फोटो काढायचा राहिला तरी बिघडत नाही. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टिम’ उघडा आणि क्रॅशच्या वेळेच्या आधीची दहा मिनिटं वाचा. ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद दिसेलच, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. ती कारण नाही, तो पंचनामा आहे. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेक कोड’ बघा. तिथे शून्य असेल तर कोड लिहायलाही वेळ मिळाला नाही: वीज गेली, एसएमपीएस बसला किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. आकडा असेल तर तो दशमान असतो आणि इंटरनेटवरचे कोड षोडशमान (१६ च्या पायावरचे, ० ते ९ आणि ए ते एफ वापरणारे), म्हणून नवखे इथे हमखास गोंधळतात. १२२ म्हणजे ७ए, अर्थात इनपेज एरर. ३६ म्हणजे २४, एनटीएफएसचा. २०९ म्हणजे डी१, तो ड्रायव्हरचा.

डिस्कच्या नोंदी त्याच यादीत असतात. ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद म्हणजे बॅड ब्लॉक. ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, इथे केबलचा विचार आधी करा. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. १२९ (हिचा स्रोत ‘डिस्क’ नसून कंट्रोलरचा ड्रायव्हर असतो) म्हणजे डिस्कने इतका वेळ उत्तर दिलं नाही की तिला रीसेट करावं लागलं. ‘एनटीएफएस ५५’ म्हणजे फाइल सिस्टिमची रचना बिघडली. मशीन गोठण्याच्या मिनिटभर आधी १२९ आणि १५३ ची रांग लागली असेल तर पुढचं फार वाचत बसू नका, थेट डिस्क उघडा.

डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. वर निळ्या चौकोनात ‘गुड’ लिहिलेलं दिसलं म्हणून बंद करू नका, खालचे आकडे वाचा. चारच ओळी पुरतात. क्रमांक ०५, बदललेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचे माहिती ठेवायचे बारीक कप्पे). सी५, संशयित सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले पण अजून बदललेले नाहीत. सी६, दुरुस्त न होणारे. सी७, केबलवरच्या चुका. शेवटचा ‘रॉ व्हॅल्यू’चा रकाना बघायचा, आणि आकडे षोडशमानात असतील तर फंक्शन मेनूतून दशमानात करून घ्यायचे.

सी५ शून्याच्या वर असेल आणि दोन दिवसांत वाढला असेल तर डिस्क बदला. यावर चर्चा नाही. ०५ मध्ये दहा-वीसचा आकडा वर्षभर तसाच असेल तर दम धरता येतो, पण ती डिस्क शेअरसाठी ठेवू नका. सी७ ची गोष्ट वेगळी. हा आकडा कधीच कमी होत नाही, केबल बदलली तरी जुना तसाच राहतो. म्हणून तो भिंतीवरच्या कागदावर लिहा, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला आणि आठवड्याने परत बघा. थांबला असेल तर दुखणं शंभर-दोनशे रुपयांत मिटलं. नवी केबल क्लिपवाली घ्या, बसवताना टक्‌ आवाज यायला हवा. त्याच वेळी डिस्कच्या पॉवर केबलमध्ये एकातून दोन करणारा जोड असेल तर तो काढून सरळ एसएमपीएसची पिन द्या. ते जोड ढिले पडतात, आणि ताण आला की डिस्क क्षणभर वीज गेल्यासारखी बंद होऊन चालू होते. त्या क्षणी कोणी फाइल लिहीत असेल तर पुढचं सांगायला नको.

कोणती हार्डडिस्क घेतली याचाही संबंध असतो. साध्या डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती तोच पुन:पुन्हा वाचत बसते आणि तेवढा वेळ कोणालाच उत्तर देत नाही. चार जणांची मशीन त्या एका सेक्टरसाठी थांबतात. नॅससाठी (नेटवर्कवर फाइली वाटणाऱ्या डिस्कच्या पेटीसाठी) बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि चूक कळवून पुढे जातात. शिवाय ‘एसएमआर’ प्रकारच्या, म्हणजे एकमेकींवर थोड्या चढलेल्या रेघांत लिहिणाऱ्या, डिस्क सलग लिहायला लागलं की काही वेळाने अगदी रांगू लागतात. फोटो स्टुडिओसाठी डिस्क घेताना ‘सीएमआर’, म्हणजे सुट्या रेघांत लिहिणारी, आहे का हे दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर सापडतं. आणि ड्राइव्ह ९८ टक्के भरलेली ठेवू नका, १५ टक्के तरी मोकळी असू द्या.

चेकडिस्कचा नंबर याच्यानंतर लागतो, आधी नाही. कमांड सी-एच-के-डी-एस-के, मग डी कोलन, मग स्लॅश एफ. हे फाइल सिस्टिमची रचना दुरुस्त करतं. स्लॅश आर दिलंत तर प्रत्येक सेक्टर वाचला जातो, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. मरणाऱ्या डिस्कवर स्लॅश आर म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जोतिबाच्या पायऱ्या चढायला लावणं. आणि चालू झाल्यावर मधे वीज गेली तर होतं त्यापेक्षा वाईट. म्हणून डेटा बाहेर, सी५ शून्य, यूपीएस भरलेला, मगच.

तीन चाचण्या

आता सुटं करू या. काम संपल्यावर, सगळे घरी गेल्यावर करायचं.

पहिली चाचणी फक्त डिस्कची. सर्व्हरची नेटवर्क केबल काढून टाका. डी ड्राइव्हवरचा ५० ते १०० जीबीचा फोल्डर त्याच मशीनमधल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली डिस्क उघडून ठेवा. ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के असणं गैर नाही, कामच चालू आहे. बघायचं ते ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’. तो काही दहा-वीस, जास्तीत जास्त शे-दोनशे मिलिसेकंदांत खेळत असेल तर ठीक. हजारांत जात असेल, आणि वेग अधूनमधून शून्यावर येऊन तिथेच बसत असेल, तर गुन्हेगार सापडला. नेटवर्क तर जोडलेलंच नाही.

दुसरी चाचणी फक्त नेटवर्कची, डिस्कला हात न लावता. त्यासाठी आयपर्फ३ नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. सर्व्हरवर ते हायफन एस देऊन चालू करा, दुसऱ्या मशीनवर हायफन सी आणि सर्व्हरचा आयपी देऊन. वेळ हायफन टी ६००, म्हणजे दहा मिनिटं. हे फक्त रॅममधला कचरा इकडून तिकडे पाठवतं, डिस्क शांत असते. गिगाबिटच्या स्विचवर ९३० ते ९५० मेगाबिटच्या आसपास आकडा दिसायला हवा. मग हायफन आर (कॅपिटल आर) देऊन उलट्या दिशेने पुन्हा दहा मिनिटं, कारण काही कार्डं घेताना ठीक आणि देताना लंगडी असतात. सर्व्हर इथे पडला तर डिस्क निर्दोष, नेटवर्क कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर पकडा.

तिसरी, दोन्ही मिळून. दुसऱ्या मशीनवरून शेअर फोल्डरमध्ये तोच १०० जीबी कॉपी करा. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या घरात वेग मिळतो, म्हणजे पाव तासाचं काम. एक मोठी फाइल आणि हजारो छोट्या फाइली, दोन्ही प्रकार करून बघा. छोट्या फाइलींत अँटिव्हायरसवर ताण जास्त येतो.

पहिल्या दोन्ही पार पडल्या आणि तिसरीत मशीन बसलं, तर सगळ्यात अवघड प्रकार तुमच्या वाट्याला आला आहे. उरले चौघे: अँटिव्हायरस, रॅम, एसएमपीएस आणि मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर.

अँटिव्हायरस ‘डिसेबल’ करून भागत नाही. त्याचा फिल्टर ड्रायव्हर विंडोजच्या पोटात बसलेलाच असतो. पूर्ण अनइन्स्टॉल करा, कंपनीचं साफ करणारं टूल असेल तर तेही चालवा, रीस्टार्ट करा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाल्याची खात्री करा आणि तिसरी चाचणी परत लावा. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस दिसले तर पुढचं काही तपासायची गरज बहुधा उरत नाही.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर, निदान चार फेऱ्या. एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तरी ती ‘किरकोळ’ नसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायची आपली जुनी पद्धत अगदीच टाकाऊ नाही, पण निम्मा गुण पट्टी काढून नीट बसवल्याचाच असतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, आणि हे करताना प्लग भिंतीतून काढलेला हवा.

केबल आणि कार्ड

दुसऱ्या चाचणीत आकडा ९० च्या आसपास अडकला तर सेटिंग्जमध्ये इथरनेटचा ‘लिंक स्पीड’ बघा. १०००च्या ठिकाणी १०० दिसेल. अर्थ सरळ आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० वर दोनच पुरतात. म्हणजे एखादी तार तुटली आहे किंवा कनेक्टरमध्ये पोचलेली नाही. असली केबल कधी १००० वर जुळते, कधी १०० वर घसरते, आणि प्रत्येक घसरणीला शेअर तुटतो.

कनेक्टर पुन्हा मारायचा तर क्रम लक्षात ठेवा. क्लिप खाली, तांब्याचे दात वर आणि केबल आपल्याकडे धरून डावीकडून: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. फसगत होते ती निळ्या आणि हिरव्यापाशी: हिरवीची जोडी निळ्या जोडीला मधे घेऊन बसते, एकाला एक लागून नाही. जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत चिमटीत आलं पाहिजे, नाहीतर केबल ओढली की तारा सुटतात. स्वस्त बंडलात तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तार नखाने खरवडली की आतून चंदेरी दिसते. ती वाकवली की तुटते, शेडच्या लांब पल्ल्याला घेऊ नका.

वर्कशॉपमध्ये लॅनची केबल थ्री फेजच्या किंवा वेल्डिंगच्या केबलला बांधून नेलेली असते, कारण खिळे तिथेच ठोकलेले असतात. ती वेगळी करा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. ऑफिस आणि शेड अशा दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल तर वळवाच्या पावसात पोर्ट जळायची तयारी ठेवा. तिथे फायबरच हवी.

कार्डाचा ड्रायव्हर विंडोज अपडेटने दिलेला न ठेवता मदरबोर्डच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढा, आणि ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद करा. एवढं करूनही दुसरी चाचणी फसत असेल तर मदरबोर्डवरचं पोर्ट सोडून द्या आणि वेगळं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड लावा. दोन दिवस ड्रायव्हरशी झुंजण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वीज आणि धूळ

फाउंड्रीच्या आसपासची धूळ घरातल्या धुळीसारखी नसते. त्यात लोखंडाचा बारीक कण असतो आणि तो वीज वाहून नेतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये ठेवलेला पीसी दर तीन महिन्यांनी उघडून ब्लोअरने साफ करा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरली तर पंखाही जातो आणि बोर्डालाही धक्का बसतो.

यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, पण यूपीएस हिरवा दिवा दाखवत राहतो. तपासायचं असेल तर काम सेव्ह करून, सगळ्यांना बाहेर काढून भिंतीतला स्विच बंद करा. पाच मिनिटंही तग धरला नाही तर बॅटरी बदला. स्विच आणि राउटरही यूपीएसवरच हवेत. सर्व्हर चालू आणि स्विच बंद झाला, तरी उघडी टॅली अर्धवट लिहून तुटतेच. वायरमनला बोलावलंच आहे तर न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत असावा.

जे क्रॅश नसतात

निम्म्या तक्रारी इथे निकालात निघतात. माय कॉम्प्युटर उघडलं की हिरवी पट्टी रांगते आणि एक्स्प्लोरर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होतो: सर्व्हर बंद आहे आणि जोडलेली झेड ड्राइव्ह त्याला साधारण मिनिटभर हाका मारते आहे. ड्राइव्हवर लाल फुली आहे पण क्लिक केलं की उघडते: १५ मिनिटं कोणी वापरलं नाही म्हणून सर्व्हरने जोडणी सोडली, काही बिघडलेलं नाही. रोज सकाळी शेअर सापडत नाही: राउटरने सर्व्हरला नवा आयपी दिला. सर्व्हरला कायमचा आयपी द्या, राउटर जे आकडे वाटतो त्यांच्या बाहेरचा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरच भेटलेला नाही. एकविसावं मशीन जोडता येत नाही: साध्या विंडोजवर २० जोडण्यांची मर्यादा आहे, पुढे नॅस किंवा खरा सर्व्हर.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर जुना नॅस किंवा पासवर्ड नसलेला शेअर उघडेनासा झाला असेल तर तोही बिघाड नाही. प्रो आवृत्तीत आता सही केलेली जोडणी सक्तीची आहे आणि पाहुण्याला सही करता येत नाही. शेअरला नाव-पासवर्ड द्या. एसएमबी१ (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारातून आत शिरला होता. जुन्या झेरॉक्स मशीनच्या स्कॅनसाठी एसएमबी१ लागत असेल तर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर पाठवा.

सर्व्हर म्हणून वापरत असलेल्या पीसीवर स्लीप ‘नेव्हर’, हार्डडिस्क बंद करणंही ‘नेव्हर’, आणि ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढलेली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही, बिघडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच उठून बसतो. ‘काल बंद करून चालू केलं तरी तेच’ म्हणणाऱ्यांना म्हणून आधी ‘रीस्टार्ट’ करायला सांगायचं.

दुरुस्ती झाल्यावर

सुट्टीच्या आदल्या रात्री तिसरी चाचणी लावून जा. सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७, ११, १२९, १५३ आणि ५५ यांपैकी एकही नवी नोंद नको. सी५ आणि सी७ चे आकडे आठवडाभर रोज कागदावर. टॅलीचा डेटा क्रॅशमध्ये दुखावला असेल तर त्यातला ‘रिपेअर’ चालवण्याआधी कंपनीच्या डेटा फोल्डरची वेगळी कॉपी करा, कारण रिपेअर मूळ फाइलींवरच लिहितो.

बॅकअपची बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका. काम झालं की काढा, आणि पंचगंगेच्या पट्ट्यात ऑफिस असेल तर ती वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप एकाच पाण्यात गेले अशी ठिकाणं थोडी नव्हती.

काढलेल्या जुन्या डिस्कवर मार्करने ‘खराब’ आणि तारीख ठसठशीत लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी ती खणातून काढून ‘चांगली १ टीबी पडून आहे की’ म्हणत दुसऱ्या मशीनला लावतं.